काठीची मूठ

वडिलांच्या काठीची मूठ कापून त्याने ट्रकच्या गिअरला बसवली आणि काठी हरवल्याची थाप घरी मारली. तेव्हापासून वडिलांनी खाट सोडली नव्हती.

"झकास दिसतेय की! कुठून पैदा केलीस?" गॅरेजच्या मिस्त्रीने मूठ पाहून विचारलं. त्याने घाईने ट्रक सुरू केला.

सकाळी केबिन गारठलेली असे. मूठ मात्र नुकतीच कुणी धरून सोडल्यासारखी ऊबदार लागे.

आज चढावर त्याने चिडून गिअर दणकन टाकला, तेव्हा तळव्याखाली मूठ थरथरली. शरमून त्याने ट्रक थेट घराकडे वळवला.

घरी वडील खाटेवर बसून हात चोळत होते.

"बाबा, तुमची काठी मीच..."

"ते राहू दे," वडील मायेने म्हणाले. "चढावर गिअर जरा बेतानं टाकत जा, बाळा. हात दुखतो."