शुद्ध उच्चार

इंग्रजीच्या निवृत्त मास्तरांनी आयुष्यभर घरादाराचे उच्चार सुधारले होते. इंटरनेटच्या डबीला कुणी 'राउटर' म्हटलं, की ते लगेच ऐकवत, "रूट म्हणजे वाट. वाट दाखवतो तो रूटर." पण पक्षाघाताचा झटका आल्यापासून तीन महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सुनेचे सगळे उपाय थकले होते.

आज इंटरनेट बंद पडलं म्हणून दुरुस्तीवाला आला. भिंतीवरची डबी उलटसुलट करून पाहत तो म्हणाला, "ताई, राउटर गेलाय."

कॉटवरून खरखरीत आवाज आला, "रू... टर."

दुरुस्तीवाला ओशाळला. "सॉरी काका, चुकलं माझं."

सुनेनं डोळे पुसले आणि त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.



"बसा दादा. अजून काय काय चुकीचं बोलता येतं तुम्हाला?"