दोनदा भाजलेलं

ताई दार ढकलून आत शिरल्या तेव्हा भट्टीवाले काका कालच्या बिस्किटांचे ट्रे पुन्हा भट्टीत सरकवत होते. सापडले एकदाचे मुद्देमालासकट!

आठवडाभर ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. बाबा गेल्यावर बेकरी त्यांनी हाती घेतली आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, दुपारी सगळे जेवायला गेले की काका भट्टीच्या खोलीचं दार लावून घेतात. भला माणूस भरदुपारी दार कशाला लावेल? आता उलगडा झाला. शिळा माल गरम करून ताजा म्हणून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचा, आणि नाव बुडणार ते बाबांचं.

"काका, काल भाजलेलं आज परत?"

"ताई, काल ते अर्धंच झालं. निवत्या भट्टीत दुसऱ्यांदा वाळलं की मग बिस्किट. आपल्या बेकरीची रीतच आहे ती. ऊब जाऊ नये म्हणून दार लावतो." काकांनी हात पुसले. "त्या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी दोनदा भाजलेलं. साहेबांनी मला डिक्शनरीतून वाचून दाखवला होता."

ताईंना हसूच आलं. काकांना अक्षरओळख नाही, आणि साक्षीदार कोण, तर जो आता बोलूच शकत नाही तो!

"बाबा तुम्हाला डिक्शनरी कशाला वाचून दाखवतील?"

काका भट्टीकडे बघत राहिले. एवढा बोलका माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना. ताईंना तेवढं पुरे होतं.

"उद्यापासून येऊ नका."

तीस वर्षं त्या भट्टीपाशी राबलेला माणूस. त्याने अॅप्रनची घडी करून टेबलावर ठेवली. "ट्रे दहा मिनिटांनी काढा," म्हणाला आणि गेला.

ताईंचा राग काही शांत होईना. खोटं पुरतं उघडं पाडावं म्हणून त्यांनी बाबांच्या टेबलावरची जाडजूड डिक्शनरी उघडली. शब्द सापडला. लॅटिनमधून आलेला. अर्थ, दोनदा भाजलेलं. त्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात बाबांचं बारीक अक्षर.

'कालचा माल परत भाजतो म्हणून भट्टीवाल्याला आज लबाड म्हणालो, तेही चारचौघांत. नंतर हे पान त्याला वाचून दाखवलं आणि माफी मागितली. म्हणाला, तुमची चूक झाली हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, साहेब.'