साखळीएवढं मैदान

शेजाऱ्याच्या बाल्कनीतून कुत्रा सोडवून आणला, तेव्हा अंगावर केस कमी आणि खरूज जास्त होती. औषधाने केस परत आले, पण मैदानात मोकळा सोडला तरी तो जुन्या साखळीच्या लांबीएवढाच चालायचा आणि मागे वळायचा. आज मात्र कावळ्यामागे तो थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत पळाला. मी डोळे पुसते तोच मागून शेजारी आला. “वहिनी, चांगलाच गुटगुटीत झालाय की. आता द्या परत. पोरं सारखी आठवण काढतात.” तो आवाज कानावर पडताच धावत येणारा कुत्रा थबकला आणि पुन्हा साखळीएवढ्याच जागेत येरझाऱ्या घालू लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शेजाऱ्याच्या तोंडावर फेकायला पिशवीत जपलेली गंजकी साखळी मी शांतपणे त्याच्या हातात ठेवली. “भावोजी, तुमची वस्तू एवढीच होती. पोरांना आठवण आली की ही दाखवा.”