राणी शेवटी निघते

मरून रेशमाची एक बाही. दोन दात. खुर्चीचा तुटका पाय. परसातल्या ओल्या मातीत उंच टाचांच्या खुणा, सगळ्या कुंपणाकडे जाणाऱ्या.

वॉशिंग्टन, १८८७. दिवेलागणीची वेळ. दारावर पोलिसांचा पहिला दणका बसला तेव्हा पिंकनी पडद्याआड केकपाशी होती.

दिवसा पिंकनी एका गोऱ्या वकिलाकडचा खानसामा. या खोलीत झगा चढवला की राणी, मागच्या खेपेला जिंकलेली. बाकीचेही दिवसा असेच: गाडीवान, न्हावी, आचारी. सगळे काळे पुरुष, निम्मे जन्माने गुलाम, आज सगळ्या रेशमात. नियम दोनच. जी सर्वांत ठसक्यात चालेल, तिच्यासाठी केकला सुरी लागते. सुरी लागली की ती नवी राणी. आणि धाड पडली तर राणी शेवटी निघते.

आज ओटिससारखं कुणीच चाललं नव्हतं.

पिंकनी बाहेर आली. बाकीच्या खिडकीतून परसात उड्या टाकत होत्या. एकोणीस वर्षांची ओटिस दाराला पाठ लावून उभी होती.

"सरक. दार माझं आहे."

"जिंकले मी. सगळ्यांनी पाहिलंय. मग राणी मीच ना?"

"केक अख्खा आहे अजून. एवढी कसली घाई गं मुकुटाची? झगा सावर आणि पळ, बये."

ओटिस पळाली.

पिंकनीनं खांदा लावला. दाराच्या फटीत तिची तीन बोटं चिरडली, तरी तिनं दार सोडलं नाही. मग दारच मोडलं. पहिला दंडुका मानेवर बसला, दुसरा तोंडावर. तिनं खुर्चीचा पाय उपटून जमादाराचं नाक फोडलं. चौघांनी तिला पालथं पाडलं. झगा कमरेपर्यंत फाटला.

"बाकीचे कुठे आहेत? नावं सांग."

"तुम्हाला बोलावणं नव्हतं," ती रक्त थुंकत म्हणाली.

प्रत्येक नावामागे एक लाथ कमी होईल, असं जमादार म्हणाला. तिनं सगळ्या लाथा खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एकच नाव छापून आलं. शिक्षा दहा महिन्यांची झाली.

पहिल्या दणक्याआधीच पडद्याआड केकचा एक तुकडा कापून बशीत काढलेला होता.