मंगळवारची सुनावणी

एका माणसाच्या निर्धारापुढे अख्खी यंत्रणा थबकते, असं इतिहासात क्वचितच घडतं. हे वाक्य निवृत्त मास्तरांचं होतं. गालाला साबण फासून त्यांनी ते आरशासमोर म्हटलं आणि हनुवटीला ब्लेड लागलं.

"अहो, कापलं का?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"नाही."

"तुरटी फडताळात आहे."

मंगळवार म्हणजे सुनावणीचा दिवस. जुन्या शहराचा मध्यभाग सक्तीने ताब्यात घेऊन तिथे 'वारसा चौक' उभारायचा होता. वारसा उभारायचा तर आधी जुनं पाडावं लागतं, एवढी साधी गोष्ट मास्तरांच्या डोक्यात शिरत नाही, असं भूसंपादन कार्यालयात म्हणत. बाकी गल्लीच्या डोक्यात ती शिरली होती. आधी शिंपी गेला, मग चष्मेवाला. समोरचा दंतवैद्य "मास्तर, शेवटच्या श्वासापर्यंत लढा!" असं सांगून, नव्या दवाखान्याचं कार्ड हातात ठेवून गेला. आता एकच घर उरलं होतं.

ते मास्तरांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. लग्नानंतर मास्तर तिथेच राहायला आले आणि गल्ली त्यांना तोंडावर 'मास्तर' आणि पाठीमागे 'घरजावई' म्हणू लागली. सासरे जाताना त्यांचा हात धरून म्हणाले होते, "हिच्या डोक्यावरचं हे छप्पर जाऊ देऊ नका." आयुष्यात कुणी मास्तरांवर टाकलेली ही एकमेव मोठी जबाबदारी. वर्गात त्यांनी भूगोल शिकवला होता, आणि भूगोलाची जबाबदारी कुणी कुणावर टाकत नाही.

"आज कोणता मुद्दा?" चहा देत बायकोने विचारलं.

"पायाचा दगड. असा दगड आता मिळत नाही."

"भिंतींची जाडी झाली ना मागच्या वेळी?"

"सविस्तर. साहेबांनी नोंद घेतली."

"छान. मफलर घ्या बरोबर. तो पंखा नेमका डोक्यावर येतो."

मास्तरांनी मफलर घेतला. घर हल्ली जरा रिकामं वाटायचं. शिवणयंत्र बहिणीकडे गेलं होतं, मोठी पातेली भाचीकडे. "दोघांना काय करायचीत?" असं बायको म्हणे, आणि मास्तर मान डोलवत. त्यांचं चित्त पुढच्या मंगळवारात असे.

गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मफलर गळ्याला टोचला, म्हणून तो परत ठेवायला ते मागे वळले. दारातच थांबले.

बायको वरच्या मजल्यावरून जिना उतरत होती. उलटी, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. मध्यावर ती बसली. डोळे मिटून गुडघे दाबत राहिली. कुणी बघत नसताना माणूस जसा दमतो, तशी ती दमली होती.

मग तिचं लक्ष गेलं. चेहरा चटकन नीटनेटका झाला.

"काही विसरलात?"

"चष्मा."

"नाकावर आहे."

"हो की," मास्तर म्हणाले आणि निघाले.

गल्लीत विटांचे ढिगारे होते, आणि एका उघड्या पडलेल्या भिंतीवर कुणाचं तरी कॅलेंडर अजून लटकत होतं. पाणी सार्वजनिक नळावरून आणावं लागे. दूधवाल्याने यायचं बंद केलं होतं. एका घरासाठी गल्लीत शिरणं त्याला परवडत नव्हतं. मास्तर सावकाश चालले. छप्पर त्यांनी राखलं होतं, त्यात शंका नाही. छपराखालचं माणूस मात्र झिजत चाललं होतं. सासऱ्यांनी नेमकं काय सांभाळायला सांगितलं होतं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. कार्यालय येईपर्यंत उत्तरही सापडलं, आणि ते पायाच्या दगडाच्या बाजूचं नव्हतं.

"या मास्तर," भूसंपादन अधिकारी म्हणाले. कारकुनाने जांभई दाबली. "बोला, आजचा मुद्दा?"

"आज मुद्दा नाही, साहेब. हरलो. सही कुठे करू?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाला एकदम बाहेरचं काम आठवलं.

"बसा ना, मास्तर."

"बसलो तर विचार बदलेल. कागद द्या."

"पण तुमची सही घेऊन मी काय करू? घर काकूंच्या नावावर आहे."

"माहीत आहे. तिची सही मी आणतो." मास्तरांचा आवाज खाली आला. "फक्त थोडा वेळ द्या. वडिलांचं घर आहे तिच्या. मी शब्द दिला होता. आता तिला सांगू कुठल्या तोंडाने? कोलमडेल ती."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"काकूंनी संमती दिलीय, मास्तर."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. सगळ्या गल्लीच्या आधी."

डोक्यावर पंखा फिरत होता. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"मग या इतक्या सुनावण्या?"

"त्यांची तेवढी एकच अट होती. म्हणाल्या, निवृत्त झाल्यापासून हे नुसते भिंतीकडे बघत बसतात, धड जेवत नाहीत. आम्हाला घर देणार ती तुमची पुनर्वसनाची इमारत व्हायला वर्षं लागतील. तोवर आठवड्यातून एकदा यांचं ऐकून घ्या, आणि मधूनमधून नोंद घेतली म्हणा." साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "इमारत झाली गेल्या महिन्यात. किल्ली नेलीय त्यांनी. तळमजला आहे."