नुसता दाब

दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि हिरडी बधिर व्हायची वाट न बघताच चिमटा लावला. "आजी, दुखतंय!" खुर्चीतली नात किंचाळली. "काही दुखत नाही, नुसता दाब जाणवतोय," डॉक्टर खेकसले. "आजी, तिचे हात घट्ट धरा. बाहेर रांग लागलीय." आजीने मुकाट धरलेही. मग त्या कोवळ्या मनगटांवर तिला स्वतःची बोटं दिसली, आणि वडील आठवले. लहानपणी अशाच खुर्चीत त्यांनी तिचे हात धरले होते, "झालं, झालं" म्हणत. तेव्हा गावात बधिर करायला इंजेक्शनच नव्हतं. आता असून उपयोग काय? आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नातीचे हात सोडून तिने डॉक्टरांच्या चिमटा धरलेल्या हाताचं मनगट आवळलं. "अहो, सोडा! दुखतंय!" "काही दुखत नाही, नुसता दाब जाणवतोय," आजी म्हणाली. "हिचा ओठ बधिर झाला की हात सोडते."