सुताराची टकटक

टेप संपली आणि ओढ्याच्या पलीकडून उत्तर आलं.

टक्, टक्, टक्. मग दम खाऊन आणखी एक टक्.

रोझरीची माळ गुंडाळता गुंडाळता थेरेसाचा हात थांबला. हा सुतार. तिच्या नवऱ्याने, वॉल्टरने ठेवलेलं नाव. बेडूक अंगठ्याच्या नखाएवढा, पण ओरडला की वाटायचं कुणीतरी लाकडावर हातोडी मारतंय. येऊरच्या पायथ्याचा हा ओढा सोडला तर वॉल्टरला तो कुठेच सापडला नव्हता. इथेसुद्धा गेली कित्येक वर्षं नाही.

वॉल्टर वर्तकनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. बेडकांचे आवाज टेप करायचं वेड त्याला लग्नाआधीपासूनचं. तो जाऊन वर्ष होत आलं, तरी थेरेसा रोज संध्याकाळी रोझरी म्हणून झाली की मागच्या ओट्यावर टेपरेकॉर्डर मांडायची, आवाज पूर्ण मोठा करायची आणि बटण दाबायची. खरं सांगायचं तर बेडकाचं तिला फार कौतुक नव्हतं. ती थांबायची शेवटच्या खोकल्यासाठी. बेडूक बोलत असेपर्यंत वॉल्टर खोकला दाबून धरायचा आणि तो गप्प झाला की हळूच, माफी मागितल्यासारखा खोकायचा. फोटोतला माणूस हसतो, खोकत नाही ना.

पलीकडच्या रानात झाडांच्या बुंध्यांवर लाल आकडे पडले होते. ऐन, करंबळ, जांभूळ, सगळ्यांवर. तिथे उंच इमारतींचे टॉवर येणार होते. झाडं गेली की ओढ्यावर ऊन पडणार, पाचोळा वाळणार आणि सुतार उरलासुरला असेल तोही संपणार. वॉल्टर हॉस्पिटलात शेवटपर्यंत तेच बोलत होता. "तेवढं रान राख गो, थेरेसा." तिने हो म्हटलं होतं. कसं राखायचं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

आता सुतार बोलू लागला होता. दिवेलागणीला, टेप संपली की, नेमका.

तिने माजिवड्याला राहणाऱ्या मुलीला, मेलिसाला, फोन लावला.

"ममा, तू ती टेप अजून लावतेस?" मेलिसा वैतागली. "शेजारचे काय बोलतात माहितीये? डॅडीचा आत्मा फिरतो म्हणतात."

"फिरू दे की. घर त्याचंच आहे."

"आणि आता बेडूक टेपला उत्तर देतो? असलं बाहेर कुणाला सांगू नकोस हां. लोक वेड्यात काढतील."

थेरेसाने फोन ठेवला. टेपचं नाव पुन्हा कुणाकडे काढायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी विनीत दारात उभा राहिला. डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा, बूट चिखलाने भरलेले, पाठीवर फुगलेली सॅक.

"आंटी, सर आमच्या कॉलेजला त्यांच्या टेपची कॉपी देऊन गेलेले. तिच्यामुळेच मी या नादाला लागलो." तो धाप टाकत होता. "सुतार जिवंत आहे."

थेरेसा खुर्चीत बसलीच. "तू ऐकलास?"

"बऱ्याचदा. रेकॉर्ड पण केलाय. मी रानात बसलेला असतो आणि आवाज येतो तुमच्या घराच्या बाजूने."

"माझ्या बाजूने? मला तर रानातून ऐकू येतो."

मग विनीतला हसू फुटलं. "म्हणजे दोन आहेत, आंटी. कमीत कमी दोन."

टेपचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मेलिसाचं बोलणं आठवलं. तिने उठून ओट्यावरच्या टेपरेकॉर्डरवर टॉवेल टाकला आणि विनीतला जेवायला बसवलं. कित्येक महिन्यांनी तिला स्वतःलाही भूक लागली होती. वॉल्टर हवा होता आज, असं तिला फार फार वाटलं.

विनीतने हरकत घेतली. झाडतोडीवरच्या सुनावणीला मेलिसासुद्धा रजा टाकून आली. टॉवरवाल्यांचे वकील अधिकारी बाईंसमोर आरामात रेलून बसले होते.

"बेडूक आहे म्हणतात. पण गेल्या कित्येक वर्षांत तो कुणाला दिसलाय का मॅडम?"

"दिसत नाही, बोलतो," विनीत म्हणाला आणि त्याने लॅपटॉप हॉलच्या मोठ्या स्पीकरला जोडला.

"आणि नेमका तुम्ही गेलात की बोलतो?" वकील हसले. "ओळख आहे वाटतं."

"आम्ही त्याला बोलतं करतो. सगळीकडे तशीच पद्धत आहे." विनीतने सॅकमधून एक छोटा स्पीकर काढून टेबलावर ठेवला. "दिवेलागणीला मी यावर सुताराचा आवाज वाजवतो. दुसरा नर आला असं वाटून खरा सुतार उत्तर देतो. आवाज सरांच्याच टेपवरचा, पुढचं मागचं कापून नुसती टकटक ठेवलेला."

थेरेसा खुर्चीतच पुढे सरकली. "कुठे बसून वाजवतोस?"

"ओढ्याच्या पलीकडे, आंटी. अगदी तुमच्या ओट्यासमोर."

मग त्याने लॅपटॉपवर रानातलं रेकॉर्डिंग सुरू केलं.

टक्, टक्, टक्. मग दम खाऊन आणखी एक टक्. वकीलसुद्धा सरळ बसले. अधिकारी बाईंनी पेन उचललं.

"ठीक आहे. एकाही झाडाला हात लावायचा नाही."

मेलिसाने आईचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते. "डॅडी जिंकला, ममा."

रेकॉर्डिंग बंद करायचं विनीतला भान राहिलं नव्हतं. सुतार गप्प झाला होता. नुसती ओढ्याची खळखळ ऐकू येत होती.

मग हळूच, माफी मागितल्यासारखा, वॉल्टर खोकला.